स्टीव्ह डिट्को यांचे मौन : लेखकाची मते वाचक कोठून शोधतात?

१/
जुलै १९६६ ही तारीख मुखपृष्ठावर असलेला ‘ॲमेझिंग स्पायडर-मॅन’चा ३८वा अंक. नायक पीटर पार्कर आपल्या महाविद्यालयाच्या आवारातून चालला आहे. फलक घेतलेल्या विद्यार्थ्यांचा एक घोळका त्याला निदर्शनांत सामील होण्याचा आग्रह करतो. पीटर नकार देतो, पुढे त्यांच्यावर चिडतोही. आंदोलक काहीसे हास्यास्पद रंगवलेले आहेत. प्रसंग जेमतेम काही चौकटींचा. पण कॉमिक्सच्या इतिहासात त्याची चर्चा अजून थांबलेली नाही.

२/
का थांबलेली नाही? आदल्याच वर्षी, १९६५ मध्ये, ‘एस्क्वायर’ मासिकाने अमेरिकी विद्यार्थ्यांचा कौल घेतला होता. त्यात स्पायडर-मॅन आणि हल्क यांची नावे चे गव्हेरा व बॉब डिलन यांच्या पंक्तीला आली. म्हणजे ज्या पिढीने या पात्राला आपला बंडखोर मानले, त्याच पिढीकडे या पात्राने पाठ फिरवली. मग प्रश्न उभा राहिला : हे मत नेमके कोणाचे?

३/
मित्रहो, आजच्या धाग्यात हाच प्रश्न पाहू. कथेवरून लेखकाची मते ठरवता येतात का? आणि त्याहून कठीण : लेखकाची मते ठाऊक झाली, म्हणून त्याच्या आयुष्यातील घटनांची कारणे आपण त्या मतांतून काढू शकतो का? यासाठी स्पायडर-मॅनचे सहनिर्माते स्टीव्ह डिट्को यांच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. आणि तेही डिट्को स्वतः जवळपास काहीच बोलत नसत म्हणून!

४/
आधी एक सोपे उदाहरण घेऊ. मार्च १९४१ ही तारीख असलेल्या ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या तोंडावर ठोसा लगावताना दिसतो. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेली नव्हती. जो सायमन आणि जॅक कर्बी हे दोघेही निर्माते ज्यू कुटुंबांतले. त्यांना धमक्या आल्या आणि न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी दूरध्वनी करून त्यांना धीर दिला, असे सायमन यांनी पुढे नमूद केले आहे.

५/
सुपरमॅनचे लेखक जेरी सीगल यांचीही गोष्ट तशीच. १९४० च्या फेब्रुवारीत ‘लुक’ मासिकात सुपरमॅन हिटलर आणि स्टालिन या दोघांना पकडून राष्ट्रसंघापुढे उभे करतो, अशी छोटी चित्रकथा आली. एप्रिलमध्ये नाझी एसएसच्या ‘दास श्वार्त्झे कोर’ या मुखपत्राने सीगल यांचे नाव घेऊन, त्यांच्या ज्यू असण्यावरून, विखारी टीका केली. अशा ठिकाणी लेखकाचे मत शोधावे लागत नाही. ते मुखपृष्ठावरच छापलेले असते.

६/
डिट्को यांचे तसे नव्हते. जन्म २ नोव्हेंबर १९२७, पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउन या पोलाद कारखान्यांच्या गावी. वडील गिरणीत सुतारकाम करीत. महायुद्धानंतर डिट्को सैन्यातर्फे जर्मनीत होते. परतल्यावर न्यूयॉर्कला येऊन बॅटमॅनचे चित्रकार जेरी रॉबिन्सन यांच्या हाताखाली ते शिकले. १९५३ पासून त्यांची चित्रे छापून येऊ लागली. स्वभाव मितभाषी, कामात चोख आणि प्रसिद्धीबाबत कमालीचे उदासीन.

७/
ऑगस्ट १९६२ च्या ‘ॲमेझिंग फँटसी’ क्रमांक १५ मध्ये स्पायडर-मॅन अवतरला. श्रेय स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांचे. १९६३ मध्ये डिट्को यांनीच ‘डॉक्टर स्ट्रेंज’ हा मांत्रिक नायक कागदावर आणला. ली हे संपादक आणि लेखक, बोलघेवडे, वाचकांशी थेट गप्पा मारणारे. डिट्को पडद्याआड. त्यामुळे ‘मार्व्हल’चा आवाज म्हणून वाचकांच्या कानी पडे तो एकट्या ली यांचा.

८/
आता एक तांत्रिक बाब, जी पुढच्या साऱ्या चर्चेचा पाया आहे. मार्व्हलमध्ये तेव्हा आधी संपूर्ण संहिता लिहिण्याची रीत नव्हती. कथेची जुजबी कल्पना ठरे. मग चित्रकार सगळी पाने रेखाटी, प्रसंगांची गुंफण करी, समासात टिपणे लिही. आणि शेवटी लेखक त्या तयार चित्रांवर संवाद व निवेदन चढवी. ही ‘मार्व्हल पद्धत’. म्हणजे एकाच चौकटीत घटना एकाची आणि शब्द दुसऱ्याचे.

९/
याचा अर्थ काय? सामर्थ्याबरोबर जबाबदारीही येते, या आशयाचे ते सुप्रसिद्ध वाक्य आठवा. चित्रपटांमुळे ते काका बेन यांच्या तोंडचे वाटते. मूळ १९६२ च्या कथेत मात्र ते कोणत्याही पात्राच्या तोंडी नाही. शेवटच्या चौकटीतील निवेदनात आहे, म्हणजे संवाद लिहिणाऱ्या ली यांच्या लेखणीतले. त्या वाक्यावरून ‘डिट्को यांचे तत्त्वज्ञान’ सांगणे जितके चूक, तितकेच चित्रांतील घटनाक्रमावरून ‘ली यांचे राजकारण’ सांगणे चूक.

१०/
१९६५ मध्ये, २५व्या अंकापासून, कथानकाचे श्रेय डिट्को यांच्या नावे छापले जाऊ लागले. याच सुमारास दोघांमधील बोलणे थांबले. डिट्को पाने पूर्ण करून कचेरीत पोहोचवीत. ली त्यांवर शब्द लिहीत. अमेरिकेतील एक अत्यंत लोकप्रिय कॉमिक्स अशी दोन माणसे निर्माण करीत होती, जी एकमेकांशी बोलत नव्हती. ३८वा अंक याच अबोल्याच्या काळातला आणि डिट्को यांचा शेवटचा.

११/
आता त्या निदर्शनांच्या प्रसंगाकडे पुन्हा पाहा. प्रसंग कथेत घालण्याचा निर्णय डिट्को यांचा मानावा लागतो, कारण कथानक त्यांचे होते. पण पीटरच्या तोंडचे शब्द ली यांचे. काही वाचकांनी नाराजीची पत्रे लिहिली, तेव्हा ली यांनी पत्रव्यवहाराच्या पानावर सारवासारव केली : एवढ्याशा गमतीच्या प्रसंगाला कोणी गांभीर्याने घेईल असे आम्हाला वाटलेच नव्हते.

१२/
जानेवारी १९६९ च्या ६८व्या अंकात विद्यार्थी आंदोलन पुन्हा आले. आता चित्रकार होते जॉन रोमिटा. विद्यापीठाच्या प्रदर्शन सभागृहाऐवजी तेथे गरीब विद्यार्थ्यांसाठी स्वस्त वसतिगृह हवे, ही या वेळची मागणी. पीटर अजूनही घोटाळतो, पण मागणीविषयी कथेला सहानुभूती आहे. दोन्ही अंकांत संवादलेखक एकच, नायक एकच. मधल्या अडीच वर्षांत कथानक रचणारा बदलला आणि काळही बदलला. फरकाचे श्रेय एकट्या डिट्को यांच्या जाण्याला देण्याआधी ही दुसरी बाबही मोजावी लागते.

१३/
डिट्को यांची मते कोणती होती? ते आयन रँड यांच्या विचारांचे अनुयायी होते. रँड यांचा जन्म १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गचा. रशियन क्रांतीने कुटुंबाचे सर्वस्व गेले. पुढे अमेरिकेत ‘द फाउंटनहेड’ (१९४३) आणि ‘ॲटलस श्रग्ड’ (१९५७) या कादंबऱ्यांनी त्या गाजल्या. त्यांच्या ‘ऑब्जेक्टिव्हिझम’चा सारांश असा : सत्य एकच असते, बुद्धी हाच ते जाणण्याचा मार्ग, व्यक्तीचे स्वहित नैतिक असते, आणि परार्थासाठी आत्मत्याग हा आदर्श नव्हे.

१४/
हे ठाऊक झाल्यावर चाहत्यांनी जुने अंक नव्या डोळ्यांनी वाचायला घेतले. ३३वा अंक (फेब्रुवारी १९६६) पाहा. प्रचंड यंत्राखाली दबलेला स्पायडर-मॅन पानामागून पान झगडतो आणि केवळ इच्छाशक्तीच्या बळावर ते ओझे उचलून फेकतो. रँडवादी वाचक म्हणतात : पाहा, एकट्या व्यक्तीच्या संकल्पाचे स्तोत्र! दुसरा वाचक म्हणतो : अहो, पण तो हे सारे मृत्युशय्येवरील मे काकूला औषध पोहोचवण्यासाठी करतो, हा तर त्याग!

१५/
त्यावर पहिला पुन्हा म्हणतो : आपल्या प्रिय माणसासाठी झटणे हे रँड यांच्या मते त्यागच नव्हे, ते स्वतःच्या मूल्यांशी इमान राखणे आहे. वाद संपत नाही, आणि तो त्या पानांच्या आधारे संपणारही नाही. प्रभावी कलाकृती अशीच असते; ती अनेक अर्थ पेलते. अडचण तेव्हा येते, जेव्हा आपण तिला एखाद्या माणसाच्या विचारांचा साक्षीपुरावा म्हणून न्यायालयात उभी करतो.

१६/
अशी साक्ष किती फसवी असते, हे ‘डॉक्टर स्ट्रेंज’ने दाखवले. हवेत तरंगणाऱ्या वाटा, वितळणारी विश्वे, दारातून उघडणारे अवकाश! हिप्पी पिढी या चित्रांवर लुब्ध झाली. १६ ऑक्टोबर १९६५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झालेला एक गाजलेला रॉक संगीताचा कार्यक्रम डॉक्टर स्ट्रेंजलाच अर्पण केलेला होता. १९६८ मध्ये ‘पिंक फ्लॉइड’च्या ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावरही या मांत्रिकाचे चित्र झळकले.

१७/
अशी दृश्ये रंगवणारा माणूस नशेच्या द्रव्यांचा जाणकार असणारच, अशी कित्येक वाचकांची खात्री होती. प्रत्यक्षात ही पाने रेखाटणारा होता बुद्धिनिष्ठेचा कडवा पुरस्कर्ता, चष्मा लावून शिस्तीत मेजावर बसणारा मध्यमवयीन गृहस्थ. वाचकांनी चित्रावरून चित्रकार घडवला, आणि तो साफ चुकला. तरीही पुढे हीच चूक दुसऱ्या बाजूने झाली. आणि ती अधिक काळ टिकली.

१८/
१९६६ मध्ये डिट्को मार्व्हल सोडून गेले. का गेले, हे त्यांनी त्या वेळी जाहीर केले नाही. पुढच्याच, म्हणजे ३९व्या अंकात, रोमिटा यांच्या चित्रांत ‘ग्रीन गॉब्लिन’ या खलनायकाचा मुखवटा उतरला आणि आत निघाला नॉर्मन ऑस्बर्न, पीटरच्या मित्राचा बाप. चित्रकाराचे जाणे आणि रहस्याचा उलगडा हे लागोपाठ घडले. दोहोंमधली मोकळी जागा चाहत्यांच्या कल्पनेने भरून काढली.

१९/
दंतकथा अशी : गॉब्लिन हा कोणी अनोळखी, सामान्य माणूस निघावा असे डिट्को यांना वाटे, कारण वास्तवात गुन्हेगार असाच निनावी असतो, ली यांना मात्र नाट्यासाठी ओळखीचा चेहरा हवा होता, तत्त्वनिष्ठ डिट्को यांनी तडजोड नाकारली आणि राजीनामा दिला. ली यांनीही पुढे कधी हीच हकीकत सांगितली, तर कधी डिट्को का गेले ते आपल्याला कळलेच नाही असे म्हटले. कथा छापली गेली, पुस्तकांत शिरली आणि कित्येक दशके इतिहास म्हणून वावरली.

२०/
ही कथा इतकी पटली का? कारण ती डिट्को यांच्या मतांशी चपखल बसे. ‘द फाउंटनहेड’चा नायक हॉवर्ड रोर्क हा वास्तुविशारद, आपल्या आराखड्यात कोणी ढवळाढवळ केली म्हणून तो ती इमारतच उडवून देतो. रँडचा भक्त असलेला चित्रकार आपल्या खलनायकाचा चेहरा बदलला म्हणून नोकरीवर लाथ मारतो, यात कोणाला नवल वाटणार? माणसाचे विचार आधी कळले, मग त्यांना शोभेल असा प्रसंग मिळाला, आणि पुरावा मागायचे राहून गेले.

२१/
पुरावा मात्र कोणत्याही दुकानात विकत मिळत होता. डिट्को यांनीच रेखाटलेल्या ३७व्या अंकात नॉर्मन ऑस्बर्न नावानिशी प्रथम येतो आणि मागून घाव घालून स्पायडर-मॅनला बेशुद्ध करतो. ३८व्या अंकात तोच वेषांतर करून स्पायडर-मॅनला संपवण्यासाठी बक्षीस लावतो. त्याच्याही बऱ्याच आधी, १९६५ च्या २३व्या अंकात, संपादक जेमसनच्या क्लबात तशीच चमत्कारिक केशरचना असलेला एक धनिक बसलेला दिसतो. अनोळखी माणसाला गॉब्लिन करायचे असते, तर कथानक या दिशेने का चालले असते?

२२/
पुढे डिट्को यांनीच लिहिले. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, आपले प्रकाशक-सहकारी रॉबिन स्नायडर यांच्या छोट्या नियतकालिकात, त्यांनी मार्व्हलमधील कामाविषयी लेख दिले. त्यांत त्यांनी सांगितले की गॉब्लिन म्हणजे ऑस्बर्न हे आपण आधीच योजले होते आणि क्लबातील तो चेहरा त्याचसाठी पेरला होता. २०१५ च्या लेखात सोडण्याचे कारणही आले : जो संपादक आपल्याला भेटत नाही, बोलत नाही, त्याच्यासाठी दरमहा कथा कशासाठी रचायच्या?

२३/
म्हणजे तत्त्वज्ञान, खलनायक, कलेची शुद्धता यांपैकी काहीही नाही. कारण निघाले ते कोणत्याही कचेरीत घडणारे : वरिष्ठाचा अबोला आणि कामाचा अवमान. ज्याला कोणाचीही मते नसतात असा कारकूनसुद्धा याच कारणासाठी नोकरी सोडतो. डिट्को यांना वाचकांनी इतके तत्त्वमूर्ती करून ठेवले होते, की ते साध्या माणसासारखे दुखावले जाऊ शकतात हे कोणाच्या ध्यानीच आले नाही.

२४/
अर्थात इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथेही सावध राहावे. डिट्को यांची साक्ष घटनेनंतर साडेतीन ते पाच दशकांनी आलेली आहे आणि ते स्वतः वादातील एक पक्ष आहेत. म्हणून त्यांचे दोन दावे वेगळे तोलावेत. गॉब्लिनच्या ओळखीविषयीच्या दाव्याला समकालीन अंकांचा स्वतंत्र आधार आहे; तो भक्कम. सोडण्याच्या कारणाला अबोल्याची पार्श्वभूमी पुष्टी देते, जी ली यांनीही नाकारलेली नाही. पण मनातल्या कारणाची साक्ष अखेर एकाच माणसाची राहते.

२५/
मग डिट्को यांची मते त्यांच्या कामात कोठेच नाहीत काय? आहेत, आणि ती शोधायला भिंग लागत नाही. १९६७ मध्ये चार्लटन कंपनीच्या ‘ब्लू बीटल’च्या पहिल्या अंकात त्यांनी ‘द क्वेश्चन’ हा चेहराहीन नायक आणला. त्याच वर्षी वॉली वुड यांच्या ‘विटझेंड’ या नियतकालिकात आला ‘मिस्टर ए’. त्याचे नावच ‘अ म्हणजे अ’ या ॲरिस्टॉटलच्या तर्कनियमावरून, रँड यांच्या मार्गे घेतलेले. त्याचे ओळखपत्र अर्धे काळे, अर्धे पांढरे. मध्ये करडा रंग नाहीच.

२६/
‘मिस्टर ए’चे कथानक, संवाद, चित्रे सारे एकट्या डिट्को यांचे; वर संपादक नाही, आणि हक्कही स्वतःकडे. म्हणून येथे लेखकाचे मत वाचणे न्याय्य आहे. उलट १९६८ चे ‘हॉक अँड डव्ह’ पाहा : व्हिएतनाम युद्धाच्या काळात एक भाऊ बळाचा पुरस्कर्ता, दुसरा शांततेचा. कल्पना व चित्रे डिट्को यांची, संवाद शांततेकडे कल असलेल्या स्टीव्ह स्कीट्स यांचे. पुन्हा एका चौकटीत दोन मने! साधन बदलले की साक्षीचे वजनही बदलते.

२७/
आता गोष्टीला विलक्षण वळण मिळते. पुढे चार्लटनची पात्रे डीसी कंपनीने विकत घेतली. इंग्लंडचे लेखक ॲलन मूर यांना त्यांवर एक कथा रचायची होती. संपादकांनी नवी पात्रे घडवायला सांगितले. त्यातून चित्रकार डेव्ह गिबन्स यांच्यासह १९८६-८७ मध्ये बारा अंकांची ‘वॉचमेन’ साकारली. तिच्यातील रोर्शाख हा ‘क्वेश्चन’ आणि ‘मिस्टर ए’ यांवर बेतलेला. मूर स्वतः अराज्यवादी. डिट्को यांच्या कलेबद्दल त्यांना आदर होता, राजकारणाबद्दल मात्र मुळीच नाही.

२८/
करडा रंग नाकारणारा माणूस खऱ्या जगात कसा दिसेल, हे मूर यांना दाखवायचे होते. म्हणून रोर्शाख एकाकी, अस्वच्छ, क्रूर आणि मनाने मोडलेला आहे. वाचकांनी मात्र त्यालाच डोक्यावर घेतले! रोर्शाख म्हणजे मीच, असे अभिमानाने सांगणारे चाहते आपल्याला भेटतात आणि ते आपल्याला अस्वस्थ करते, असे मूर यांनी मुलाखतींत सांगितले आहे. शेवटी तडजोड नाकारून मरण पत्करणारा तो एकटाच, हे वाचकांच्या मनावर कोरले गेले.

२९/
डिट्को यांना याविषयी कोणी विचारले, तेव्हा ते म्हणाले म्हणे : हो, तो ‘मिस्टर ए’सारखाच, फक्त हा वेडा आहे. ही आठवण मूर यांच्याच तोंडून आलेली, म्हणून ऐकीव समजावी. पण चित्र पूर्ण झाले : रँडवाद्याने घडवलेला नायक डाव्या विद्यार्थ्यांनी आपला म्हटला, आणि अराज्यवाद्याने केलेली टीका कठोर न्यायाच्या चाहत्यांनी आपला आदर्श केली.

३०/
‘मिस्टर ए’ अवतरला त्याच १९६७ मध्ये फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्त यांचा ‘लेखकाचा मृत्यू’ हा निबंध इंग्रजीत प्रसिद्ध झाला. संहितेचा अर्थ लेखकाच्या चरित्रात कोंडू नका, तो वाचकापाशी घडतो, हे त्याचे म्हणणे. वाचकाचे हे स्वातंत्र्य मान्यच. स्पायडर-मॅन बंडखोर वाटला तर वाटो. २००४ मध्ये तो ‘स्पायडर-मॅन : इंडिया’त पवित्र प्रभाकर होऊन मुंबईत धोतर नेसून झेपावला, त्यासाठी डिट्को यांची मते कोणी विचारली नाहीत, विचारण्याचे कारणही नव्हते.

३१/
पण पात्राचा अर्थ लावणे वेगळे आणि माणसाच्या आयुष्याविषयी विधान करणे वेगळे. पहिल्यात वाचक मुखत्यार आहे. दुसऱ्यात पुराव्याचे बंधन आहे, कारण तेथे समोर हाडामांसाचा माणूस असतो. ‘पीटर पार्कर मला एकाकी संकल्पाचे प्रतीक वाटतो’ हे वाक्य चुकू शकत नाही. ‘डिट्को यांनी गॉब्लिनसाठी राजीनामा दिला’ हे वाक्य चुकू शकते, आणि ते चुकलेच.

३२/
डिट्को यांच्या मौनालाही असाच अर्थ चिकटवला गेला. मुलाखती नाहीत, छायाचित्रे मोजकी; २००७ मध्ये बीबीसीच्या माहितीपटासाठीसुद्धा ते कॅमेऱ्यासमोर आले नाहीत. म्हणून जगाने त्यांना ‘एकांतवासी’ ठरवले. वास्तविक मॅनहॅटनमधील कार्यशाळेत ते नियमाने काम करीत, चाहत्यांच्या पत्रांना स्वहस्ते उत्तरे देत आणि नव्वदीपर्यंत नवी कॉमिक्स प्रसिद्ध करीत राहिले. माझे काम हेच माझे बोलणे, ही त्यांची भूमिका होती. लपणे वेगळे आणि प्रसिद्धी नाकारणे वेगळे.

३३/
ते बोलत तेव्हा कसे बोलत, याचाही नमुना आहे. १९९९ मध्ये ली यांनी खुले पत्र लिहून, आपण डिट्को यांना नेहमीच स्पायडर-मॅनचे सहनिर्माते ‘मानत’ आलो आहोत, असे जाहीर केले. डिट्को यांनी त्या एका क्रियापदावर बोट ठेवले : मानणे म्हणजे वस्तुस्थिती मान्य करणे नव्हे. येथे ‘अ म्हणजे अ’ म्हणणारा विचारवंत खरोखर दिसतो. विचार आणि कृती यांची सांगड येथे आपण घालू शकतो, कारण ती डिट्को यांच्याच शब्दांत आहे.

३४/
२०१८ च्या जूनअखेर डिट्को न्यूयॉर्कमधील आपल्या निवासस्थानी मृतावस्थेत आढळले. वय ९० वर्षे. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला ली यांचे निधन झाले, वय ९५. एकाने आयुष्यभर आपली गोष्ट सांगितली, अनेकदा आणि अनेक परींनी. दुसऱ्याने ती फार उशिरा, थोड्या वाचकांच्या पत्रिकेत सांगितली. जगाने साहजिकच आधी ऐकू आलेली गोष्ट खरी धरली.

३५/
तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या लेखकाविषयी ‘त्याची मते अशी, म्हणून त्याने हे केले’ असे वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. हे शब्द आणि हा प्रसंग नेमका कोणाचा? ही हकीकत प्रथम कोणी आणि घटनेनंतर किती वर्षांनी सांगितली? आणि ती आपल्याला पटते, ती पुराव्यामुळे की आपल्या मनातील प्रतिमेला शोभते म्हणून? तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तो स्वतःला विचारायचा असतो.

३६/
आणि त्या ३८व्या अंकातील निदर्शनांचे काय? पीटर पाठ फिरवतो ती डिट्को यांच्या पेन्सिलीने, आणि बोलतो ते ली यांच्या शब्दांत. त्या चौकटीसमोर बसून दोघांनी एकदा तरी चर्चा केली असती, तर हा धागा बराच आखूड झाला असता.

धागा समाप्त. आपल्या संग्रही जुने अंक असतील तर २३वा आणि ३७वा अंक जरूर उघडून पाहा, आणि क्लबातला तो चेहरा आपल्याला कसा वाटतो ते कळवा.